जुन्या पीसीवर लिनक्स टाकून ऑफिसचा सर्व्हर : सातपूरच्या वर्कशॉपमधला अनुभव आणि काही शंका

व्हर्नियर (रविवार, रात्री ९.५०)

राम राम मंडळी.

सातपूरला आमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक सीएनसी लेथ, ऑफिसात तीन पीसी. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, कॉम्प्युटरशी संबंध ड्रॉइंग उघडण्यापुरता. तरी गेल्या दीड महिन्यात एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून ऑफिसचा सर्व्हर केला आणि तो चालतोय. कसा केला ते लिहितो. चुकलं असेल तिथे खुशाल कान धरा.

आधी हा उपद्व्याप का, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका पार्टच्या ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली. बोअर (भोकाचं माप) २२.५ चं २२ झालं. नवीन ड्रॉइंग मेलवर आलं, ऑफिसच्या पीसीत उतरवलं. मशीनजवळच्या पीसीत मात्र पेन ड्राइव्हने कधीतरी नेलेलं जुनंच होतं. ऑपरेटरने समोर होतं त्याप्रमाणे १८० नग काढले. बदल उलटा असता तर पुन्हा बोअर मारून वाचवले असते, पण मोठं झालेलं भोक लहान कसं करणार? सगळे भंगारात. त्या दिवशी फोल्डर उघडून पाहिलं तर एकाच पार्टच्या चार फाइली : 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' आणि 'साहेबांनी बघितलेली'. ऑपरेटरला कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणजे हवं होतं एवढंच : ड्रॉइंग एकाच जागी राहावं, ऑफिसातून बदलता यावं, मशीनजवळून फक्त बघता यावं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले. अकाउंटचा पीसी ११ घेईना, म्हणून तिथे नवीन आणला. जुना (चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम) कपाटावर पडला होता. त्याला २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची एक हार्ड डिस्क लावली. विंडोज सर्व्हरचं लायसन्स खिशाला झेपत नव्हतं, म्हणून लिनक्स. खोटं कशाला बोलू, तेव्हा दुसरं काही कारण नव्हतं.

डेबियन १३ घेतलं. इन्स्टॉल करताना नडलं तेवढंच लिहितो, बाकी सगळं 'पुढे, पुढे' आहे. एका पडद्यावर ते रूटचा (सगळे हक्क असलेल्या मुख्य युजरचा) पासवर्ड मागतं. मी शहाण्यासारखा भलामोठा दिला. मग आत गेल्यावर 'सुडो' (साध्या युजरला तेवढ्यापुरते रूटचे हक्क देणारी कमांड) टाइप केलं तर म्हणे अशी कमांडच नाही! तो रकाना रिकामा सोडला की पहिल्या युजरलाच सुडोचा हक्क मिळतो, हे नंतर समजलं. मी सरळ पुन्हा इन्स्टॉल केलं. दुसरं म्हणजे शेवटी विचारतात काय काय टाकू. तिथे डेस्कटॉपवरची टिकमार्क काढली आणि 'एसएसएच सर्व्हर' (दुसऱ्या पीसीवरून आत येऊन कमांडी देण्यासाठी) व 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' एवढंच ठेवलं. रीस्टार्ट झाल्यावर काळा पडदा आणि 'लॉगिन' एवढा एक शब्द. धाकटा भाऊ म्हणाला, बिघडवला ना पीसी.

आता मॉनिटर, कीबोर्ड काढून तो डबा कोपऱ्यात ठेवलाय. विंडोजच्या पीसीवरून एसएसएचने आत जातो. तिथे वेगळं काही टाकावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमध्येच एसएसएच येतं हेही मला आत्ताच कळलं.

पुढचं (सांबा, म्हणजे फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) उद्या लिहितो. शंका तीन : फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी) लागते का, बॅकअप कसा घ्यावा, घरून ड्रॉइंग बघता येईल का.

पाथर्डीफाटा (रविवार, रात्री १०.१५)

दादा, भारी धागा. पण मी पार नवशिका आहे, रागावू नका. लिनक्स, उबंटू, डेबियन ही तीन नावं मी गेली दोन वर्षं ऐकतोय, पण कोण कोणाचा काय लागतो ते एकाने सांगितलं नाही. आणि फुकट आहे तर त्यांचं घर कसं चालतं?

जुना_युनिक्सवाला (सोमवार, सकाळी ६.३०)

सकाळचा चहा होईतो लिहितो, लांबेल.

गाडीच्या भाषेत बघ. लिनक्स हे खरं तर फक्त इंजिन, त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचं वाटप ते करतं. नुसतं इंजिन घेऊन कोणी मुंबईला जात नाही. त्यावर चॅसी, सीट, स्टिअरिंग बसवून जी चालती गाडी मिळते ती डिस्ट्रो : डेबियन, उबंटू, फेडोरा, आपल्या सी-डॅकचं बॉस. उबंटू आणि बॉस दोन्ही डेबियनवरून बेतलेले. म्हणून डेबियनवर शिकलेल्या कमांडी तिकडेही बहुतेक तशाच चालतात.

घराण्याचा मूळ पुरुष युनिक्स, अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मला. करणारे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची. मी नोकरीला लागलो तेव्हा युनिक्सचीच मशीनं होती आणि मॅन्युअलच्या जाडजूड फायली कपाटात कुलपात ठेवत. आतला कोड बघायचा म्हणजे कंपनीची परवानगी.

रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाला नेमकी हीच चीड होती. एमआयटीच्या लॅबमध्ये प्रिंटर होता, त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये यांनी स्वतः दुरुस्ती करून घेतली होती, कागद अडकला की माणसांना निरोप जायचा. नवा प्रिंटर आला तर त्याचा कोड द्यायला नकार. आपल्या दारातलं यंत्र आणि आपल्यालाच झाकण उघडायची बंदी. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, युनिक्ससारखीच पण सगळ्यांना मोकळी सिस्टिम करायचा. व्हर्नियर, तुझ्या मशीनच्या पॅनेलला कंपनीचं सील असतं ना? तोच राग.

इंग्रजीत या सॉफ्टवेअरला जो शब्द लावतात त्याचे 'फुकट' आणि 'मोकळं' असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे त्या माणसाचं निम्मं आयुष्य खुलासे करण्यात गेलं. आपल्याकडे ती अडचण नाही. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, पोरालाही कळतं. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे : वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. अट अशी की बदलून दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही कोड आणि हेच हक्क द्यायचे. ही जीपीएल लायसन्सची अट. सगळ्याच मुक्त लायसन्सांना ती नाही, बीएसडी लायसन्सवाले त्या बाबतीत सैल आहेत.

ग्नूकडे कंपायलर (कोडचा चालता प्रोग्रॅम करणारा), शेल (कमांडी घेणारा), छोटीमोठी हत्यारं सगळं तयार झालं, पण कर्नल रखडलं. ते आलं १९९१ मध्ये हेलसिंकीहून. लिनस टॉरवाल्ड्स, वय २१. २५ ऑगस्टला त्याने लिहिलं की छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत प्रत्येकावर लिनक्स आहे. आणि तुझ्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही तेच कर्नल.

घर कसं चालतं म्हणशील तर सॉफ्टवेअर विकून नाही, सांभाळून देण्याचे पैसे. रेड हॅट, कॅनॉनिकल यांचा धंदा तोच. डेबियन मात्र कुठल्या कंपनीचं नाही, १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. तुला शिकायचं असेल तर उबंटूची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) घे. तिच्या आकड्यात वर्ष आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी येते, पाच वर्षं अपडेट मिळतात.

एक जुनी जखम सांगतो. सेंटओएस ८ (रेड हॅटवरून बेतलेली फुकट डिस्ट्रो) वर भरवसा ठेवून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर बंद. मुळात २०२९ पर्यंतचा वायदा होता. रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो त्यातून जन्मल्या. म्हणून डिस्ट्रो निवडताना दिसणं बघू नका, मागे कोण उभं आहे ते बघा.

चहा गार झाला.

गोदाकाठ (सोमवार, दुपारी २.१०)

काका, नमस्कार. हे वर्गात वाचून दाखवणार आहे (मी डिप्लोमाच्या पोरांची लॅब घेते).

पाथर्डीफाटा, तू लगेच पीसी पुसायला जाऊ नकोस. व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्यात खोटं मशीन कर, २ जीबी रॅम दे आणि त्यात डेबियन चढव. दहा वेळा मोडलं तरी घरात बोलणी बसत नाहीत. आमच्याकडे पहिल्या तासाला मी मुद्दाम एकाला 'आरएम' चालवायला लावते, फाइल गेली की विचारते, आता रीसायकल बिन कुठंय शोध. टर्मिनलवर ती भानगडच नसते. हे स्वतः अनुभवल्याशिवाय पोरांच्या डोक्यात शिरत नाही.

व्हर्नियर, तुमच्या फायरवॉलच्या प्रश्नाला माझीच फजिती सांगते. भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर मी यूएफडब्ल्यू (लिनक्सची सोपी फायरवॉल) टाकलं आणि ऐटीत 'यूएफडब्ल्यू एनेबल' केलं. त्याने विचारलं, एसएसएच तुटू शकतं, करू का? मी 'वाय' दाबलं. चालू असलेलं कनेक्शन तसंच राहिलं, त्यामुळे काही कळलंच नाही. जेवून आले तर दार बंद! आतून कडी घालून स्वतःच बाहेर. शेवटी सर्व्हरवाल्यांच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून आत गेले. तेव्हा क्रम पाठ करा : आधी

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच

आणि मगच एनेबल. तुमचा डबा तुमच्याच ऑफिसात आहे, फार तर मॉनिटर लावून दुरुस्त कराल, पण सवय आत्ताच लागलेली बरी. (कमांडी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना रोमन आणि छोट्या अक्षरांत. लिनक्सला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं दिसतं. आपल्या लिपीत हा प्रकारच नाही, म्हणून आपली पोरं इथे हमखास अडकतात.)

लॉगिन पासवर्डने नको, किल्लीने करा. विंडोजच्या पीसीवर 'एसएसएच-कीजेन' चालवलं की दोन फाइली होतात. 'पब' शेवटी असलेली म्हणजे कुलूप, ती सर्व्हरवर नेऊन ठेवायची. दुसरी किल्ली, ती कोणालाही, अगदी मलाही द्यायची नाही. किल्लीने दार उघडतंय याची खात्री झाल्यावर एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' करा. बदल केला की आधी 'सुडो एसएसएचडी -टी', म्हणजे फाइलीत चूक असेल तर ते बोलतं. मग सर्व्हिस रीस्टार्ट. आणि हे करताना जुनी खिडकी बंद न करता दुसरी खिडकी उघडून आत जाता येतंय का बघा.

सर्व्हरचा आयपी पत्ता राउटरमधून पक्का केलात का? नाहीतर एक दिवस वीज जाऊन येईल आणि सर्व्हरचा पत्ता बदललेला असेल.

व्हर्नियर (सोमवार, रात्री १०.४०)

ताई, केला. राउटरमध्ये डीएचसीपीच्या (आयपी पत्ते वाटायच्या) पानावर सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लिहून त्याला एक आयपी कायमचा दिला. यूएफडब्ल्यू आजच टाकलं, तुमच्या क्रमाने. मग सांबा बंद पडलं, कारण त्याला परवानगी द्यायची राहिली. 'अलाउ सांबा' केल्यावर आलं. चला, फायरवॉल खरंच काम करते हे तरी कळलं.

तर सांबा. विंडोजच्या पीसींना लिनक्सवरचं फोल्डर शेअर म्हणून दिसावं यासाठी हे. ड्रॉइंगचं फोल्डर १ टीबीच्या डिस्कवर केलं. दोन ग्रुप : 'ऑफिस' आणि 'मशीन'. सांबाच्या सेटिंगच्या फाइलीत मजकूर इतकाच : पाथ कुठला, 'व्हॅलिड युजर्स' मध्ये दोन्ही ग्रुप, 'रीड ओन्ली येस', आणि 'राइट लिस्ट' मध्ये फक्त ऑफिस. म्हणजे मूळ नियम सगळ्यांना फक्त बघायचा आणि ऑफिसला तेवढी सूट. फाइल लिहून झाली की 'टेस्टपार्म' चालवायचं, चूक असेल तर दाखवतं.

इथे दोन दिवस खाल्ले. एक : लिनक्सचा युजर केला म्हणजे सांबाला तो कळत नाही, 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' करून त्याचा सांबासाठी वेगळा पासवर्ड द्यावा लागतो. दोन : माझी फाइल भावाला बदलता येईना. फोल्डरला 'सीएचमॉड २७७५' (परवानग्या बदलायची कमांड) केलं आणि सांबात नवीन फाइलीला ग्रुपची लिहायची परवानगी दिली, तेव्हा सुटलं. तो पुढचा २ महत्त्वाचा, त्याने आत होणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपची होते.

नंतर फोल्डरच्या आत 'चालू' आणि 'जुनी' असे दोन भाग केले. मशीनवाल्यांना 'जुनी' दिसतच नाही. माझ्या मते सगळ्या सर्व्हरमध्ये उपयोगाची गोष्ट ही एकच, आणि तिला लिनक्स लागत नव्हतं, अक्कल लागत होती. असो.

जुना_युनिक्सवाला (मंगळवार, सकाळी ६.४५)

सांबा हे नाव नाचावरून नाही. ऑस्ट्रेलियाच्या अँड्रू ट्रिजेलने शब्दांच्या यादीत एस, एम, बी (एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) ही अक्षरं त्याच क्रमाने असलेला शब्द शोधला, त्यात हा सापडला. फाइलींच्या प्रती काढणारं आरसिंकही त्याचंच, बॅकअपला तेच लागेल तुला.

कांदेनवमी (मंगळवार, दुपारी १२.२०)

निफाडहून. आमचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे. वजनकाट्याची आणि कॅरेटची नोंद एका पीसीवर होते.

व्हर्नियर भो, एवढी खटपट कशाला? ओपनमीडियाव्हॉल्ट टाका. तेही डेबियनवरच बसतं, ब्राउझरमधून बटणं दाबून शेअर, युजर, सगळं होतं. मी एका दुपारी केलं. कमांड एकही लिहिली नाही.

माझा त्रास वेगळा आहे, विजेचा. हंगामात दिवसातून चारदा लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, तरी पीसी रीस्टार्ट होतो. आणि रात्री गेली तर सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी १.५५)

इन्व्हर्टरवर मागे एक छोटा स्विच असतो बघा, बऱ्याच मॉडेलना 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन मोड असतात. नॉर्मलला वीज बदलायला वेळ लागतो, पंख्याला चालतं, पीसीला नाही. यूपीएस मोडवर टाका. बटणाचं म्हणाल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीतरी सापडेल, ते 'पॉवर ऑन' करा. वीज आली की डबा आपोआप उठेल.

ओपनमीडियाव्हॉल्ट चांगलंच आहे. फक्त बटणांनी केलेलं अडलं की पुन्हा कमांडीकडेच यावं लागतं. व्हर्नियरना आता अडलं तर कुठे बघायचं ते माहीत आहे, हा फरक आहे.

कांदेनवमी (मंगळवार, रात्री ९.०५)

मागे खरंच स्विच होता! तीन वर्षं नॉर्मलवर. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरून बघायचं कसं, ते पण सांगा कोणी. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या पीसीकडे वळवणं) केलं, काही होत नाही.

जुना_युनिक्सवाला (बुधवार, सकाळी ६.२०)

आधी कानफटात : सांबाचं पोर्ट इंटरनेटला उघडलंस का? ४४५? उघडलं असशील तर हे वाचणं थांबव आणि बंद करून ये. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला.

आता उत्तर. राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे वॅनचा आयपी बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटलाय. चाळीचा एकच पोस्टाचा पत्ता, पोस्टमन तुझ्या खोलीपर्यंत येणार कसा? तू घरात कितीही पोर्ट फॉरवर्ड कर. एक तर स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) विकत घे, नाहीतर वायरगार्ड (इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, व्हीपीएन). ते २०२० पासून कर्नलमध्येच आहे, पण सीजीनॅट असेल तर मध्ये एक भाड्याचा छोटा सर्व्हर ठेवावा लागतो. त्याचा कंटाळा असेल तर टेलस्केल, तेही आतून वायरगार्डच, जोडणी ते जमवून देतात.

व्हर्नियर (दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११.३०)

मंडळी, बॅकअपने वाट लावली. सविस्तर सांगतो, कारण दोष माझाच आहे.

यूएसबीची बाहेरची डिस्क आणली, ती '/बॅकअप' ला जोडली, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) ओळ लिहिली, रोज रात्री ९ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवतं ते) आरसिंक. चार दिवस उत्तम. मग काकांनी मागे एका धाग्यात म्हटलेलं आठवलं की बॅकअप एकाच छपराखाली ठेवू नये, म्हणून शुक्रवारी डिस्क काढून घरी नेली. सोमवारी विसरलो. मंगळवारीही. गुरुवारी सकाळी भाऊ म्हणतो, ड्रॉइंग सेव्ह होत नाही.

बघतो तर 'डीएफ -एच' मध्ये एसएसडी १०० टक्के भरलेली! डिस्क जागेवर नसताना '/बॅकअप' हे एसएसडीवरचं साधं रिकामं फोल्डर असतं. आरसिंकला काय त्याचं, त्याने सगळी ड्रॉइंग्ज, मशीनचे प्रोग्रॅम, फोटो तिथेच ओतले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

घाबरून रीस्टार्ट केलं. आता तर चालूच होईना. मॉनिटर आणून लावला तर 'इमर्जन्सी मोड'. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क सापडेना म्हणून सिस्टिम दीड मिनिट वाट बघून हट्टाला पेटली. डिस्क घरी. मी सातपूर ते अंबड गाडीवर गेलो, डिस्क आणली, लावली, डबा मुकाट उठला. तोवर मशीनं चालू होती ती ऑपरेटरच्या पीसीवर आधीच उघडलेल्या ड्रॉइंगवर.

जुना_युनिक्सवाला (रविवार, सकाळी ६.१५)

सगळ्यांनी एकदा तरी भरलेली फी आहे ही. मी १९९० च्या दशकात टेपवर भरली.

एफएसटॅबच्या त्या ओळीत 'नोफेल' घाल, डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ :

माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १

डिस्क खरोखर जोडलेली नसेल तर तिथूनच मागे फिर, असा अर्थ. दोन डिस्क घे, एक ऑफिसात, एक घरी, आठवड्याला अदलाबदल.

आणि आरसिंकला 'डिलीट' लावलंस का? लावलं असशील तर तुझ्याकडे बॅकअप नाही, आरसा आहे. इकडे कोणी फाइल उडवली की रात्री ९ ला तिकडेही उडते. आरस्नॅपशॉट टाक. ते रोजची वेगळी प्रत ठेवतं, पण न बदललेल्या फाइली हार्डलिंकने (एकाच फाइलीला दोन नावं) सामायिक असतात, म्हणून जागा फार लागत नाही. हे दोन डिस्क रेडमध्ये जोडून सुटेल असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. रेड म्हणजे डिस्क मेली तरी काम चालू राहणं. चुकून उडवलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडवतं.

गोदाकाठ (रविवार, सकाळी ११.००)

आणि परत आणून बघितलंत का एकदा तरी? बॅकअप घेतलाय असं सांगणारे पुष्कळ भेटतात. परत आणून दाखवा म्हटलं की घसा खाकरतात.

व्हर्नियर (रविवार, रात्री ८.४५)

ताई, घसा खाकरला आणि मग बसलो. आज दुपारी ऑफिस बंद असताना एका पार्टचं अख्खं फोल्डर मुद्दाम उडवलं. उडवताना हात कापत होता, आधी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती हे कबूल करतो. आरस्नॅपशॉटच्या कालच्या प्रतीतून परत आणलं. फाइली आल्या, पण मालक 'रूट' झाला आणि भावाला पुन्हा लिहिता येईना. कॉपी करताना 'सीपी -ए' (मालक, परवानग्या तशाच ठेवून) करायचं होतं, मी नुसतं 'सीपी' केलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. कमांडी एका कागदावर लिहून डब्याच्या अंगावर चिकटवल्या, मी गावाला गेलो तर भावाला सापडाव्यात.

एक शंका राहिली. लेथच्या पॅनेलमध्ये विंडोज एक्सपी आहे, त्याला सर्व्हर दिसतच नाही. इंटरनेटवर एकाने सांबाचं 'मिन प्रोटोकॉल' सेटिंग बदलून एसएमबी-१ (तीच जुनी आवृत्ती) चालू करायला सांगितलं होतं. काकांचा वॉनाक्रायवरचा प्रतिसाद वाचून हात आवरला.

गोदाकाठ (सोमवार, दुपारी २.३०)

आवरला ते बरं केलंत. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते मूळातच बंद ठेवलंय. एका एक्सपीसाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडं टाकू नका. त्या लेथला प्रोग्रॅम किती वेळा जातो? दिवसातून दोनदा असेल तर पेन ड्राइव्हच ठेवा, फक्त ती एकच, लाल रंगाची, दुसऱ्या कुठल्या पीसीला न लावायची. ड्रॉइंग बघायला शेजारचा पीसी आहेच.

आणि 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' टाकलंय ना? नसेल तर आज टाका, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील.

व्हर्नियर (सोमवार, रात्री १०.००)

टाकलं. लाल पेन ड्राइव्ह मिळाली नाही, हिरवीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली.

आज दुपारी १८० नग भंगारात गेलेल्या त्याच पार्टची रिव्हिजन सी आली. मी 'चालू' मध्ये टाकली, 'बी' उचलून 'जुनी' मध्ये नेली आणि खाली सांगायला निघालो. जिन्यातच ऑपरेटर भेटला, म्हणाला, शेठ, चॅम्फर बदललाय ना, मी सेटिंग थांबवलंय.

पाथर्डीफाटा (सोमवार, रात्री १०.२०)

दादा, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीनदा मोडून झालं, चौथ्यांदा टिकलंय. आता घरचा जुना पीसी घेऊन रविवारी तुमच्याकडे आलो तर चालेल का? मॉनिटर आणतो.

व्हर्नियर (सोमवार, रात्री १०.२५)

ये ना भो. अकराच्या पुढे ये, आधी मिसळ खाऊ. मॉनिटर आहे माझ्याकडे, तू कीबोर्ड आण. माझ्या कीबोर्डचं 'वाय' चालत नाही, आणि इन्स्टॉल करताना तेच सारखं लागतं.